पंखाच्या तोंडाशी

"कुठं आलीस गं?"

विमानाच्या पंखाच्या पोटात आडवं पडलेलं असताना हा आवाज यायचा. आत अंधार असा, की आपलाच हात परका वाटावा. पाठीखाली धातूचा गारवा, कपाळावर दिव्याचा पिवळा ठिपका, नाकातोंडावर मुखवटा, हातात फटी बुजवायच्या सीलंटची पिचकारी; आणि पार पायांकडे ते अंडाकृती तोंड, ज्यातून एक खांदा आधी, एक मागून असं करत आत शिरायचं. त्या तोंडाशी स्टुलावर कोकिळा बसलेली असायची. गळा फाटक्या पत्र्याचा, म्हणून तर विभागात तिचं नाव कोकिळा पडलं होतं.

"तिसऱ्या खणात," आई आतून सांगायची.

"उजवा वरचा कोपरा?"

"झाला."

"थापा मारू नकोस. उजव्याला तू कुशीवर वळतेस. वळलीस की पत्रा बोलतो. मला नाही ऐकू आला."

मग आई निमूट कुशीवर वळायची. आणि तिथं, पंखाच्या फासळीच्या मागे, दिवा पोचत नाही त्या सापटीत, कधी कधी पत्रा जोडणारा एखादा रिव्हेट उघडाबोडका राहिलेला असायचा. ह्याच पोटात पुढं इंधन भरलं जाणार, हाच पंख ढगांच्या वर थरथरत राहणार, आणि इंधनाला वाट शोधायला एवढीशी फट पुरते. आई तिथं सीलंटचा थेंब धरायची, बोटानं दाबायची, आणि म्हणायची, "आता झाला." बाहेरून कोकिळा खोकल्यासारखं हसायची.

कोकिळेला जाऊन कितीतरी वर्षं झाली. आज रविवारच्या दुपारी, स्वयंपाकघराच्या टेबलाशी मटार सोलताना आईला तो आवाज पुन्हा ऐकू आला, कारण समोर बसलेली धाकटी बराच वेळ एक शब्द बोलली नव्हती. शेंग उचलायची, नखानं शिवण उसवायची, दाणे भांड्यात सोडायचे. रिकामं टरफल पुन्हा बोटानं चाचपून बघायची, आत काही राहिलं का. ही खोड आईचीच.

घरजागेच्या वाटणीवरून मामानं तोंड फिरवलं होतं, तेव्हापासून आज पहिल्यांदाच सगळे ह्या टेबलाशी जमले होते. थोरला तेवढा बसला नव्हता. कोट अंगातच ठेवून खिडकीशी उभा होता, जणू खाली गाडी चालू ठेवून आलाय.

"अगं, 'चुकलं' म्हणायला काय वजन उचलावं लागतं?" मामा म्हणाला. "मी तुझ्या मामीला रोज म्हणतो. कशाबद्दल, ते विचारतही नाही."

"मामी विमानं बनवत नाही," धाकटी म्हणाली. तासाभरातले तिचे हे पहिले शब्द.

"नाही, पण तिच्यासमोर बोलताना मीही पट्टा आवळूनच बसतो."

वहिनी हसली. थोरला हसला नाही. आईनं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. एकाच पोटातली दोन पोरं, आणि मध्ये हे मटाराचं भांडं.

गोष्ट अशी होती. धाकटी आईच्याच विभागात, पंखाच्या पोटात शिरून सांधे बुजवायच्या कामावर. थोरला त्याच विभागाचा प्रमुख. दोन वर्षांपूर्वी पंखाच्या तोंडाशी बसणाऱ्या बायका काढून टाकल्या गेल्या. आता आत जाणारीच्या पट्ट्याला एक डबी लावतात. हवा बिघडली किंवा अंगाची हालचाल थांबली की ती किंचाळते, आणि मग चार पंखांवर मिळून ठेवलेली एक बाई पडद्यावर बघून धावत येते. गेल्या महिन्यात एक पंख इंधन भरून पाहताना गळला. आणि परवा धाकटीनं पुढच्या पंखाच्या तोंडाशी उभं राहून सांगितलं, की तोंडाशी कोणी बसल्याशिवाय मी आत जाणार नाही, आणि ह्या पंखाचं अर्धं काम नव्या मुलीनं एकटीनं केलंय, तेही पुन्हा उघडून बघितल्याशिवाय 'झालं' म्हणणार नाही. त्यावर तिला घरी पाठवलं. उद्या सकाळी चौकशी. गैरसमज झाला असं म्हणाली तर परत कामावर. नाही म्हणाली तर कायमची घरी, आणि तो पंख आहे तसा पुढं जाणार. चौकशीला बसणारे साहेब दुसऱ्या शहरातून येणार होते आणि ते थोरल्याला एकच विचारणार होते: तुमच्या मते ही बाई जे म्हणते त्यात तथ्य आहे का?

"खारूताई," थोरल्यानं लहानपणीचं नाव काढलं. "तुला वाटतंय मी कोणाचा जीव स्वस्त केला. उलट आहे. पूर्वी तोंडाशी बसलेलीला डुलकी लागली तर आतली गुदमरून जायची भीती. डबीला डुलकी लागत नाही."

"डबी माझा जीव राखते, दादा. मान्य आहे. काम कोण राखतं?"

"तपासनीस आहे की."

"तो तोंडातून आरसा आणि दिवा घालतो. फासळीच्या मागचं त्याला दिसत नाही. आणि आता तर तोही दर पंखाला येत नाही, अधूनमधून येतो. तेही तुझंच."

"माझं नाही. वरून आलं."

"वर काय आहे दादा? आभाळ?"

"वर माणसं आहेत. विमान जो स्वस्त देतो त्याच्याकडे गिऱ्हाईक जातं. ते मला दर तिमाहीला विचारतात, तुझ्या विभागात काम न करता पगार कोण घेतं. मी कोणी नाही म्हटलं, तर ते माझ्या जागी असा बसवतील ज्याला पंख कोणत्या बाजूनं जोडतात तेही ठाऊक नसेल. तो चालेल तुला?"

धाकटीनं पुढची शेंग ओढली. हे खरं होतं. आईला थोरल्याची दया आली. चेहरा किती ओढलाय ह्याचा. साहेब झाला तेव्हा आरशासमोर उभा राहून मान वर करून बघायचा. आता मान खालीच असते.

मामानं ते आपल्या बाजूचं धरलं. "तेच म्हणतो मी. आपलं माणूस वर आहे तोवर चार गोष्टी आपल्या हातात. माझा जावई तिथं कायम व्हायचाय अजून. उद्या तू तिथं तमाशा केलास, तर त्याचं नाव कोणत्या तोंडानं काढायचं?"

"म्हणजे सकाळी फोनवर 'शाबास पोरी' म्हणालात, ते?"

"सकाळी मला जावयाची आठवण नव्हती."

"आणि दुपारी कोणी करून दिली?"

"मामीनं," मामा प्रामाणिकपणे म्हणाला, आणि मटाराचे चार दाणे तोंडात टाकले.

वहिनी इतका वेळ नवऱ्याच्या बाजूनं मान हलवत होती. ती रुग्णालयातल्या औषधांच्या खिडकीवर काम करायची. आता तिनं शेंग हातातच ठेवली. "मला एक सांगा. ती तोंडाशी बसणारी करायची तरी काय? आमच्याकडे एकजण औषध काढतं, दुसरं ते हातात घेऊन मोठ्यानं वाचतं. काढणाऱ्यानं स्वतःच वाचलं तर त्याला जे काढायचं होतं तेच दिसतं. मी स्वतः चुकीची बाटली हातात धरून बरोबर नाव वाचलेलं आहे. तसं काही होतं का इथं?"

"तू कशाला ह्यात?" थोरला म्हणाला.

"विचारतेय फक्त. तुम्ही मला नेहमी सांगितलंत की ती बसायची."

"बसायचीच."

"मी आईंना विचारतेय. ह्या आयुष्यभर आत जात होत्या."

सगळे आईकडे बघायला लागले. आईनं एक शेंग उचलली, तिची शिवण उसवली, दाणे सोडले. "मला आता कुठं आठवतंय," ती म्हणाली. "चहा टाकते."

ती उठली. पातेल्यात पाणी घेतलं, पण गॅस पेटवायचं विसरून तशीच उभी राहिली. मागून धाकटीचा आवाज आला. बोलत नव्हती, पुटपुटत होती. पाठ केल्यासारखं, सपाट, सूर न लावता:

कोपऱ्यामागल्या कोपऱ्याला, बाई, वळून पाहिलं का,
निघता निघता मागं तुझं काही राहिलं का?

वळून पाहिलं, बाई, बोट फिरवून पाहिलं,
दिव्याच्या नजरेतून सुटलं, ते बोटाला गावलं.

"हे काय?" वहिनीनं विचारलं.

"आम्ही लागलो तेव्हा जुन्या बायकांनी शिकवलेलं. तोंडाशी बसलेली पहिल्या दोन ओळी म्हणायची, आतली पुढच्या दोन. एकेका कोपऱ्याला एकेक कडवं. आतली कडवं चुकली, किंवा फार पटकन म्हणाली, की बाहेरचीला कळायचं. ती म्हणायची, परत जा. आत दिशा राहत नाही वहिनी. डावं-उजवं विरघळतं. आपण केलेला कोपरा आणि करायचा कोपरा सारखेच वाटतात. आता मी आत एकटी चारही ओळी म्हणते. पण स्वतःच विचारायचं आणि स्वतःच 'हो' म्हणायचं, ह्यात काय अर्थ आहे?"

आईची पाठ त्यांच्याकडे होती. तिला माहीत होतं, ती ओळ कोणाची आहे. 'बोटाला गावलं' हे कोकिळेनंच जुळवलं होतं, डब्यातली पोळी खात, हसत हसत. आई तेव्हा म्हणाली होती, गावलं हा काय शब्द आहे? कोकिळा म्हणाली होती, मग तू सापडलं म्हणून बघ, बसतंय का चालीत.

"हे तू कधी बोलली नाहीस," थोरला धाकटीला म्हणाला. आवाज खाली आला होता.

"कोणाला बोलायचं? आत बोलायला बंदी होती ना. बायकांनी सांगितलं होतं, बाहेर सांगायचं नाही."

"मग उद्या हे सांगणार आहेस? गाणं?"

"सांगीन. हसतील. हसू देत."

"हसणार नाहीत. विचारतील, ह्याचा पुरावा काय. तोंडाशी बसणारी काही काम करत होती असं तेव्हा एकही बाई का म्हणाली नाही? सगळ्यांना विचारलं होतं. सगळ्या म्हणाल्या, बसते."

मामा खुर्चीत पुढं झुकला. "ह्यात तथ्य आहे बाई."

"तुम्ही आधी ठरवा, मामा, कोणाकडून आहात," वहिनी म्हणाली. तिची खुर्ची, कोणाच्या लक्षात न येता, धाकटीच्या बाजूला सरकली होती.

आईनं पातेलं ओट्यावर ठेवलं. वळली. पदराला हात पुसले, ओले नव्हते तरी.

"मी म्हणाले होते," ती म्हणाली.

कोणाला कळलं नाही.

"मला विचारलं होतं ह्यानं. इथंच. विभागात कोणाचं काम किती, ह्याचा अभ्यास हा करत होता तेव्हा. मी निवृत्त होऊन वर्ष झालं असेल. जेवताना सहज विचारावं तसं विचारलं, आई, तोंडाशी बसणारी काय करते गं? आणि मी म्हणाले, काय करणार? बसते. गप्पा मारते." आई खुर्चीच्या पाठीला धरून उभी होती. "आम्ही सगळ्या हेच म्हणायचो. फार जुनी गोष्ट आहे. एक मुकादम होता, त्यानं पहिल्यांदा आम्हाला बोलताना धरलं. म्हणाला, तोंड चालतं तेव्हा हात थांबतो. कोकिळेचा पगार कापला. मग आम्ही ठरवलं, कोणीही विचारो, साहेब असो, नवरा असो, देव असो, म्हणायचं, ती बसते. कामापुरती बसते, बास. तेवढं म्हटलं की आम्हाला कोणी हात लावत नव्हतं. बसणारीला कोण कशाला बघतंय? आम्ही ते असं लपवलं, की त्यामुळंच इतकी वर्षं टिकलं."

तिनं थोरल्याकडे पाहिलं नाही, मटाराच्या भांड्याकडे पाहिलं.

"तो माझ्या पोटचा होता, तरी मी त्यालाही तेच म्हणाले. जीभ तशीच वळायची. आणि नंतर बायका काढल्या, तेव्हा सांगायला पाहिजे होतं. पण त्याच अभ्यासावर ह्याला बढती मिळाली होती. ह्या टेबलाशी आपण जेवायला बसलो होतो त्या दिवशी. तू," ती वहिनीला म्हणाली, "निळी साडी नेसली होतीस. ह्याचा चेहरा असा उजळला होता. मी म्हटलं, उद्या सांगीन. मग परवा. मग ते तसंच घट्ट झालं."

खिडकीबाहेर खालच्या रस्त्यावरून कोणाचीतरी गाडी सुरू होत नव्हती; पुन्हा पुन्हा घरघरून बंद पडत होती. ती शेवटी सुरू होऊन गेली.

"आई," धाकटी म्हणाली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज कोरडा होता. "मला सांगितलं असतंस तरी चाललं असतं."

"तुला सांगितलं असतं तर तू त्याला सांगितलं असतंस."

"सांगितलंच असतं."

"मग?"

मामा उठला. आपल्या बहिणीला त्यानं खांद्याला धरून खुर्चीत बसवलं, आणि काहीच न सुचून तिच्यासमोर शेंगांचा ढीग सरकवला. "ताई, हात चालव. हात चालला की बरं वाटतं."

आई बसली, पण शेंगांना हात लावला नाही. "उद्या मी येते तुझ्याबरोबर," ती धाकटीला म्हणाली. "मला आत घेणार नाहीत, तर दाराशी बसेन. मी त्यांना सांगते, चूक ह्याची नाही, हिचीही नाही. एका म्हातारीनं आपल्या मुलाला खोटं सांगितलं, आणि त्यानं आईवर विश्वास ठेवला. एवढंच झालं. आईवर विश्वास ठेवला म्हणून कोणी कोणाला काय म्हणणार? दोघांचीही नोकरी राहील. पंख उघडतील, बघतील. माझं काय जातंय आता?"

ते असं सोपं करून टाकलं तिनं, की मामानं सुटकेचा श्वास टाकला. "हे बेस झालं. ताई, हे बेस झालं. सगळ्यांचं भागलं."

वहिनीनं नवऱ्याकडे पाहिलं. दोघांच्या लग्नाला पुष्कळ वर्षं झाली होती. काही गोष्टी तिला त्याच्या पाठीवरून कळायच्या.

थोरल्यानं खिडकी सोडली. कोट काढला, खुर्चीच्या पाठीवर टाकला आणि पहिल्यांदाच टेबलाशी बसला. आईच्या शेजारी. एक शेंग उचलली आणि त्या शेंगेकडे नुसता बघत राहिला.

"तू येऊ नकोस उद्या," तो म्हणाला.

"का? मला बोलता येतं."

"येतं. म्हणूनच येऊ नकोस." मग धाकटीकडे वळून, "तूही आधी बोलू नकोस. मला आधी विचारतील. मी बोललो की मग काय बोलायचं ते तू ठरव."

"तू काय बोलणार?" धाकटीनं सावधपणे विचारलं. "मला आधी कळू दे."

"तो पंख उघडा, हे बोलणार. माझ्या विभागातला गेल्या दोन वर्षांतला प्रत्येक पंख पुन्हा बघा, हेही."

मामाच्या हातातला दाणा निसटला. "अरे, मग तू राहशील का तिथं?"

"बहुतेक नाही." त्यानं वहिनीकडे पाहिलं. तिनं मान हलवली नाही, नजरही काढली नाही. म्हणाली, "बोला तुम्ही. जे राहिलंय ते बोला."

"आईचं नाव घेऊ नकोस मग," मामा घाईनं म्हणाला. "म्हण, मला चुकीची माहिती मिळाली. कोणाकडून ते सांगायची काय गरज?"

"चुकीची माहिती मिळाली नव्हती, मामा."

आईनं मान वर केली.

थोरला तिच्याकडे न बघता बोलायला लागला, आणि शेंग उसवत गेला, दाणा दाणा सोडत गेला. "अभ्यास लिहायच्या आधी मी आठवडाभर शेजारच्या पंखाच्या मचाणामागं उभा राहायचो. त्यांना दिसत नव्हतो. दोघीजणी होत्या. बाहेरची मान तिरपी करून पत्र्याला कान लावून बसलेली. आतली म्हणाली, झालं. बाहेरची म्हणाली, नाही झालं, डाव्या अंगाचा आवाज आला नाही. आतली परत गेली. मग पुन्हा दुसऱ्या खणात तसंच. मी ऐकलं. मला कळलं, ती काय करते. मी रात्री आकडे मांडायला बसलो. माझ्याकडे दोनच रकाने होते, प्रत्यक्ष काम आणि वाट पाहणं. ऐकणं कुठं घालू? तिसरा रकाना काढला असता तर वरचे म्हणाले असते, हे काय नवीन. आणि त्या जागेचा पगार वाचला नसता, आणि माझा अभ्यास इतरांसारखाच निघाला असता."

"दादा," धाकटी म्हणाली. हातातली शेंग तिनं खाली ठेवली.

"बाकीच्या बायकांना मी नंतर विचारलं. त्या सगळ्या बसते म्हणाल्या, पण एखादीनं चुकून सांगितलं असतं तर मला लिहावं लागलं असतं. आधी मला असं कोणीतरी पाहिजे होतं, ज्याचा शब्द मिळाला की मला रात्री झोप लागेल."

आता त्यानं आईकडे पाहिलं. आईचा हात टेबलावर होता. त्यानं त्याला हात लावला नाही.

"आई, तू कधी खरं सांगणार नाहीस हे मला माहीत होतं. तू 'बसते' म्हणशील, हे माहीत होतं. म्हणूनच मी तुला विचारलं."